संयुक्त सदिश आलेख

संयुक्त सदिश आलेख : गणितीय सॉफ्टवेअरच्या साहाय्याने काढलेले दोन किंवा अधिक आलेख एकाच सदिश चित्रात मांडले असता, त्यांतील प्रत्येक बिंदूचे संख्यात्मक स्थान व आलेखांचे परस्परसंबंध अबाधित राहत असतील, तर त्या चित्रास संयुक्त सदिश आलेख म्हणतात. निरनिराळी चित्रे कागदावर शेजारी शेजारी चिकटविणे आणि आलेखांचे संयोजन करणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीत केवळ चित्रे एकत्र येतात. दुसरीत त्यांचे सहनिर्देशक एकत्र येतात. संयुक्त आलेखाची उपयुक्तता व त्यातून होणारी दिशाभूल या दोन्ही गोष्टी या भेदावर अवलंबून असतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे तालुके याचे चांगले उदाहरण आहे. हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथील वार्षिक सरासरी पाऊस ५०० मिमी.च्या आसपास असून त्याचा सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. तथापि या तालुक्यांतील उसाचे मळे या पावसावर उभे नाहीत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी भाटघर, वीर इ. धरणांतून, म्हणजे भोर व सह्याद्रीलगतच्या डोंगराळ भागातील पावसातून येते. इंदापूरच्या उत्तर सीमेवर पसरलेला उजनीचा जलाशय भीमा नदी व तिला मिळणाऱ्या मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड इ. नद्यांच्या पाण्याने भरतो. स्थानिक पाऊस, दूरच्या पाणलोटातील पाऊस, धरणाचा साठा आणि कालव्याचा विसर्ग या चार राशी निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या एककांत मोजल्या जातात. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ एकत्रच लावावा लागतो. असा अर्थ लावण्याचे साधन म्हणजे संयुक्त आलेख होय.

इतिहास : एकाच अक्षयुग्मावर दोन वक्र काढून त्यांतील अंतराला अर्थ देण्याची पद्धत विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ मधील व्यापारविषयक आलेखसंग्रहात आढळते. इंग्लंडची आयात व निर्यात दाखविणारे दोन वक्र काढून त्यांमधील पट्टा त्यांनी व्यापारशेष म्हणून रंगविला. दोन्ही राशी पौंडांत असल्याने त्या पट्ट्याची उंची हीदेखील एक खरी राशी होती. संगणकाच्या साहाय्याने आलेख काढण्यास सुरुवात झाल्यावर हे काम यांत्रिक झाले. १९८४ मध्ये अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णन-भाषा प्रचारात आली. त्यानंतर १९८६ मध्ये ग्नूप्लॉट, १९८८ मध्ये मॅथेमॅटिका व २००३ च्या सुमारास पायथन भाषेसाठी मॅटप्लॉटलिब ही साधने उपलब्ध झाली. पीडीएफ हा फाइलप्रकार १९९३ मध्ये आला, तर जाळ्यावरील चित्रांसाठी एसव्हीजी हे मानक २००१ मध्ये मान्य झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी या प्रकल्पाने सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा महाविद्यालयांत प्रसार केला. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून अशा साधनांचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात.

सदिश चित्र : संगणकावरील चित्रे दोन प्रकारची असतात. बिंदुचित्रात पृष्ठभाग लहान चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदवितात. छायाचित्र हे याचे उदाहरण होय. सदिश चित्रात ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अमुक जाडीची रेषा’ अशी भूमितीय वर्णने साठविलेली असतात. त्यामुळे चित्र कितीही मोठे केले, तरी रेषा तुटक दिसत नाही. छपाईच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा आहे. आलेखाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की वक्रावरील बिंदूंचे सहनिर्देशक फाइलीत संख्यारूपाने राहतात व ते परत वाचता येतात. बिंदुचित्रात पावसाचा स्तंभ हा केवळ निळ्या ठिपक्यांचा समूह असतो. सदिश चित्रात तो निश्चित उंचीचा आयत असतो.

रूपांतरण : आलेखातील राशी पृष्ठावर आणण्यासाठी एकघाती रूपांतरण वापरतात : क्ष′ = अ क्ष + क आणि य′ = ब य + ड. येथे अ व ब हे मापप्रमाण ठरवितात आणि क व ड हे स्थान ठरवितात. पृष्ठावरील अंतरे पॉइंट या एककात मोजतात. पोस्टस्क्रिप्टमध्ये ७२ पॉइंट म्हणजे १ इंच. उदाहरणादाखल, वर्षाचे १२ महिने ३६० पॉइंट रुंदीत बसविले, तर एका महिन्यास ३० पॉइंट मिळतात. पावसाच्या आलेखाचा खालचा डावा कोपरा (६०, ५०) येथे ठेवून ० ते २०० मिमी. पाऊस १२० पॉइंट उंचीत दाखविला, तर १ मिमी. म्हणजे ०.६ पॉइंट. सप्टेंबरच्या मध्याला, म्हणजे वर्षारंभापासून ८.५ महिन्यांनी, १५० मिमी. ही मासिक राशी दाखवावयाची झाल्यास तिचा बिंदू (६० + ३० × ८.५, ५० + ०.६ × १५०) म्हणजे (३१५, १४०) येथे येईल. आता धरणाच्या साठ्याचा आलेख याच्या वर, (६०, २००) या कोपऱ्यापासून, १ अब्ज घनफुटास १ पॉइंट या प्रमाणात काढला, तर त्याच वेळचा १०० अब्ज घनफूट साठा (३१५, ३००) येथे पडेल. दोन्ही बिंदूंचा पहिला सहनिर्देशक ३१५ हाच आहे. पट्टी उभी धरली असता पाऊस व साठा एकाच रेषेत वाचता येतात, ते यामुळेच. येथे क व अ या दोन संख्या सर्व आलेखांना समान ठेवणे हेच संयोजनाचे मर्म आहे.

पोस्टस्क्रिप्ट व पीडीएफ यांत उभा अक्ष खालून वर वाढतो, तर एसव्हीजीत तो वरून खाली वाढतो. चित्राची उंची ४०० पॉइंट असल्यास वरील उदाहरणातील १४० चे एसव्हीजीत २६० होते आणि ३०० चे १०० होते. गणितीय सॉफ्टवेअर हा बदल आपोआप करते. परंतु दोन निराळ्या साधनांतून आलेल्या फाइली हाताने जोडणाऱ्यास तो ठाऊक असावा लागतो.

संयोजनाच्या पद्धती : समान एकके असलेले वक्र एकाच अक्षयुग्मावर काढणे यास अध्यारोपण म्हणतात. बारामती व इंदापूर येथील मासिक पाऊस अशा रीतीने दाखविणे योग्य ठरते. एकके भिन्न असतील, तर समान कालाक्षावर एकाखाली एक पट रचतात. मोठ्या आलेखाच्या रिकाम्या कोपऱ्यात लहान आलेख घालणे ही तिसरी पद्धत; तीत लहान चित्राचे मापप्रमाण वेगळे असल्याचे स्पष्ट दाखविणे आवश्यक असते.

मॅटलॅब व सायलॅब यांत सबप्लॉट हा आदेश पट पाडतो. मॅटलॅबमध्ये होल्ड ऑन या आदेशाने पहिला वक्र न पुसता दुसरा काढता येतो आणि लिंकॲक्सिस या आदेशाने अक्ष एकमेकांना बांधले जातात. ग्नूप्लॉटमध्ये हे काम मल्टिप्लॉट या अवस्थेत होते. मॅथेमॅटिकात अध्यारोपणासाठी शो व मांडणीसाठी ग्राफिक्सग्रिड हे आदेश आहेत. शो या आदेशाच्या बाबतीत एक गोष्ट नवख्यास चकविते : आलेखाची मर्यादा स्वतंत्रपणे सांगितली नसेल, तर ती पहिल्या आलेखावरून घेतली जाते. कमी पावसाच्या वर्षाचा आलेख आधी दिला आणि अतिवृष्टीच्या वर्षाचा नंतर, तर दुसऱ्याचे शेंडे छाटले जाऊ शकतात आणि तसे झाल्याचे चित्रावरून कळतेच असे नाही. सर्व राशी सामावतील अशी मर्यादा स्पष्टपणे देणे हा त्यावरील उपाय होय.

पट रचताना दुसरी अडचण समासाची असते. एका पटाच्या उभ्या अक्षावर ‘५’ व दुसऱ्याच्या अक्षावर ‘१,०००’ असे आकडे असतील, तर आकड्यांना लागणारी जागा भिन्न होते. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राची बाह्य चौकट समान ठेवते आणि आतील अक्ष सरकतात. अशा वेळी वरच्या पटातील जून महिना खालच्या पटातील जूनच्या थोडा पुढे किंवा मागे पडतो. दैनंदिन पावसाच्या आलेखात हा सरक काही दिवसांचा असू शकतो. म्हणून सर्व पटांचा डावा व उजवा समास निश्चित संख्येने देतात.

आलेख तयार झाल्यावर तो चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून लहानमोठा करण्याची सवय सर्रास आढळते. ती टाळणे बरे. आलेख निम्मा केला की रेषेची ०.५ पॉइंट जाडी ०.२५ होते आणि १० पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होऊन वाचता येईनासे होते. अंतिम आकार आधी ठरवून त्याच आकारात आलेख काढावा, हा मार्ग अधिक कष्टाचा असला तरी निर्दोष आहे.

दुहेरी उभा अक्ष : डावीकडे एक व उजवीकडे दुसरी राशी दाखविणारा आलेख वृत्तपत्रांत व अहवालांत लोकप्रिय आहे. त्याचा गणितीय दोष असा, की दुसऱ्या अक्षाचे मापप्रमाण व आरंभबिंदू या दोन संख्या रेखाटणाऱ्याच्या हाती असतात. पाऊस प व साठा स असेल, तर ग प + घ = स हे समीकरण कोणत्याही दोन वेळी जुळेल अशा ग व घ या संख्या काढता येतात; त्या दोन वेळचा पाऊस भिन्न असणे एवढीच अट आहे. त्यामुळे दोन वक्र कोठे छेदतात, किती जवळून जातात, हे निसर्ग ठरवीत नाही, तर रेखाटणारा ठरवितो.

इंदापूरचा पाऊस व उजनीचा साठा अशा आलेखात दाखविल्यास दोन्ही वक्र पावसाळ्यात वर जाताना दिसतात आणि इंदापूरच्या पावसाने उजनी भरते, असा समज सहज होतो. वस्तुतः इंदापुरात पाऊस नसतानाही, घाटमाथ्यावरील पावसामुळे वरच्या धरणांतून पाणी सोडले गेले की उजनी भरू शकते. जलाशय तुडुंब भरलेला असताना त्याच तालुक्यातील, पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असलेल्या कोरडवाहू गावांत विहिरी आटलेल्या असणे, यात म्हणून विसंगती नाही. बारामती तालुक्यातही कालव्याखालील दक्षिणेकडील बागायती पट्टा आणि सुपे, मोरगाव बाजूचा जिरायती पट्टा यांची स्थिती अशीच भिन्न असते. तालुक्याचा एकच वक्र काढला, तर जिरायती गावांची टंचाई बागायतीच्या आकड्यांत बुडून जाते आणि टँकर कोठे पाठवावयाचे या प्रश्नास आलेख उत्तर देऊ शकत नाही. योग्य रचना म्हणजे समान कालाक्षावर तीन पट : वर पाणलोटातील पाऊस, मध्ये स्थानिक पाऊस, खाली जलाशयाचा साठा. वरचे दोन्ही पट मिमी.मध्ये असल्याने त्यांचे उभे मापप्रमाणही समान ठेवावे. असे केल्यास स्थानिक पावसाचे स्तंभ अगदी बुटके दिसतात व चित्र काहीसे ओकेबोके वाटते. परंतु वस्तुस्थिती तीच आहे.

दुहेरी अक्ष नेहमीच त्याज्य असतो, असे मात्र नाही. हाइन्रिख व्हाल्टर व हेल्मुट लीट यांच्या १९६० नंतरच्या जागतिक हवामान-आलेखसंग्रहात तापमान व पाऊस एकाच चौकटीत दाखविले आहेत. पण १० अंश से.समोर २० मिमी. हे प्रमाण त्यांनी कायम केले. पावसाचा वक्र तापमानाच्या वक्राखाली गेला, तर तो महिना कोरडा समजावयाचा. मासिक पाऊस १०० मिमी.च्या पुढे गेल्यास त्यापुढील मापप्रमाण एकदशांश करतात. प्रमाण ठरलेले असल्याने जगातील कोणत्याही दोन ठिकाणांचे आलेख शेजारी ठेवता येतात. मे महिन्यातील सरासरी तापमान ३० अंशांच्या आसपास असेल, तर तापमानाचा वक्र ६० मिमी.च्या रेषेवर असतो. बारामतीचा वळवाचा पाऊस सरासरीने त्या रेषेपर्यंत पोहोचत नाही. नोव्हेंबर ते मे हा सलग काळ या आलेखात कोरडा दिसतो.

शून्याचा प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले व १९८० मध्ये पूर्ण झालेले उजनी धरण आलेखकारापुढे एक वेगळाच प्रश्न उभा करते. त्याची एकूण साठवणक्षमता सु. ११७ अब्ज घनफूट असून तीपैकी सु. ६३.५ अब्ज घनफूट मृतसाठा व सु. ५३.५ अब्ज घनफूट उपयुक्त साठा आहे. साठ्याची टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावरून काढण्याची प्रथा असल्याने पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेले की टक्केवारी उणे होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० च्याही खाली गेली होती. ‘उणे २० टक्के’ याचा अर्थ धरणात पाणी नाही असा नसून सु. ५३ अब्ज घनफूट पाणी आहे, असा होतो. म्हणजे जवळजवळ संपूर्ण उपयुक्त साठ्याइतके. हे पाणी कालव्यांना सहजी मिळत नाही, हा भाग वेगळा. आलेखाचा उभा अक्ष ० ते १०० टक्के ठेवला, तर वक्राचा उणे भाग चौकटीबाहेर जातो आणि कर्तनसीमेमुळे दिसेनासा होतो. टंचाईच्या वर्षी नेमका तोच भाग पाहावयाचा असतो. दुसऱ्या एखाद्या धरणाच्या टक्केवारीशी उजनीची टक्केवारी एकाच अक्षावर ताडून पाहणेही धोक्याचे आहे; कारण दोन्ही शून्यांचा अर्थ सारखा नसतो. साठा अब्ज घनफुटांत काढून मृतसाठ्याच्या पातळीवर एक आडवी तुटक रेषा देणे, ही सर्वांत सरळ रीत होय. जलाशयाची पातळी फार खाली गेली की इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. आलेख न वाचणाऱ्यांसाठी हीच ती रेषा आहे, असे म्हणता येईल.

कालाक्ष : समान कालाक्ष म्हणजे केवळ समान तारखा नव्हेत. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीनुसार एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी ८.३० वाजता संपणाऱ्या २४ तासांतील पाऊस होय. म्हणून ५ तारखेचा स्तंभ ४ तारखेच्या सकाळपासून ५ तारखेच्या सकाळपर्यंत पसरलेला असावा. जलाशयाचा साठा ही विशिष्ट क्षणाची राशी असल्याने ती बिंदूंनी व रेषेने दाखवितात. कालव्याचा वा नदीचा विसर्ग हा दर असतो व तो पायऱ्यांच्या रेषेने दाखविणे सोयीचे असते. ११,५७४ घनफूट प्रतिसेकंद हा विसर्ग २४ तास अखंड चालू राहिल्यास १ अब्ज घनफूट पाणी वाहते. विसर्गाच्या वक्राखालील क्षेत्रफळ व साठ्यातील बदल यांचा हा संबंध संयुक्त आलेखात पडताळून पाहता येतो. आलेल्या पाण्याच्या मानाने साठा कमी वाढला, तर बाष्पीभवन, उपसा किंवा मापनातील चूक यांपैकी कारण शोधावे लागते. एकेकट्या आलेखातून अशी तपासणी होत नाही. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली असून दुष्काळ, उष्णता इत्यादींचा पिकांवरील परिणाम हा तिचा अभ्यासविषय आहे. मातीतील ओलावा, तापमान व पिकाची वाढ यांच्या नोंदी एकत्र वाचताना कालाक्षाची हीच दक्षता घ्यावी लागते.

देवनागरी अक्षरे : मराठी नावे असलेल्या आलेखांत एक अडचण वारंवार येते. काही गणितीय साधनांच्या अंगभूत अक्षररचनेत देवनागरीचे नियम पाळले जात नाहीत. तेथे ‘भिगवण’ या नावातील ऱ्हस्व इकार ‘भ’च्या मागे उमटण्याऐवजी पुढे उमटतो आणि ‘पर्जन्य’ या शब्दातील जोडाक्षरे हलन्त चिन्हासह सुटी होतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की आलेखाच्या केवळ रेषा गणितीय साधनातून घ्यावयाच्या व नावे झीटेक किंवा लुआटेक यांसारख्या देवनागरी जाणणाऱ्या मुद्रण-प्रणालीत बसवावयाची. दुसरा, दुसऱ्या साधनात अक्षरे शुद्ध उमटवून त्यांचे बाह्यरेषांत रूपांतर करावयाचे. दुसऱ्या उपायाने छपाई निर्दोष होते व वाचकाच्या संगणकावर तो टंक नसला तरी बिघडत नाही. परंतु मग ते अक्षर हे अक्षर राहत नाही, फाइलीत गावाचे नाव शोधता येत नाही आणि शुद्धलेखनाची चूक राहिल्यास ती पुन्हा मुळापासून सुधारावी लागते. शासकीय अहवालांसारख्या, वर्षानुवर्षे अद्ययावत होणाऱ्या चित्रांसाठी पहिला उपाय अधिक श्रेयस्कर ठरतो.

निर्यात : तयार आलेख पीडीएफ किंवा एसव्हीजी प्रकारात साठविला म्हणजे तो सदिशच असतो, असे नाही. चित्र गुंतागुंतीचे असल्यास काही साधने त्याचे बिंदुचित्र करून तेच पीडीएफच्या वेष्टनात ठेवतात. मॅटलॅबमध्ये म्हणूनच निर्यात करताना आशय सदिश हवा, असे सांगण्याची सोय आहे. चित्र बरेच मोठे करून पाहिले की रेषेची कडा पायऱ्यापायऱ्यांची दिसते का, यावरून खात्री करता येते. ५० वर्षांच्या दैनंदिन पावसाचे सु. १८,२६२ स्तंभ होतात. दोन तालुक्यांचे त्याच्या दुप्पट. एवढा भार सदिश फाइलीस पेलतो. उपग्रहावरून मिळालेल्या, लक्षावधी चौकोनांच्या ओलावा-नकाशाच्या बाबतीत मात्र तसा आग्रह धरणे व्यर्थ असते. तेथे नकाशा बिंदुचित्र म्हणून आत बसवितात व अक्ष, सीमारेषा आणि नावे तेवढी सदिश ठेवतात. बिंदुचित्राचे चारही कोपरे अक्षांवरील कोणत्या सहनिर्देशकांशी जुळतात हे फाइलीत संख्येने नोंदविलेले असेल, तर असे मिश्र चित्रही संयुक्त आलेख म्हणून वापरता येते.